मागचीच गोळी

दिंडोरीत आमचं मेडिकल आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की पेठ-सुरगाण्याच्या बाया द्राक्षबागांत कामाला येतात. काउंटरवर पुरुष असेल तर बाई बाजूला थांबते; तो गेला की हळूच म्हणते, “ताई, उन्हाळी लागलीय. मागचीच गोळी द्या.”

मागच्या अँटिबायोटिक गोळीचे तिने दोनच डोस घेतलेले असतात. लघवीची जळजळ थांबली, पाकीट पिशवीत. तगून राहिलेले जंतू पुढच्या वेळी त्या गोळीला दाद देतीलच असं नाही. हा जंतू बहुधा ई. कोलाय, आपल्याच आतड्यातला. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, त्यामुळे त्याला वर चढायला वेळ लागत नाही. त्यात बागेत आडोसा नाही, म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हा त्रास वारंवार होणाऱ्या 140 बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त दिलं. वर्षभरात त्यांचा त्रास जवळपास निम्म्यावर आला. हे मुकादमाला सांगितलं तर तो हसतो. बाया हसत नाहीत, विचारतात, “पिऊन जायचं कुठं?”

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा असं झालं, तर लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, करायलाच हवी. गोळी सुरू करण्याआधी, मधल्या धारेची लघवी निर्जंतुक डबीत. रिपोर्टला दोनेक दिवस लागतात. ताप, पाठीत कळ किंवा पोटात बाळ असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

खरा घोळ पुढेच होतो. अँटिबायोटिकने योनीतले आम्लता राखणारे उपयोगी जंतूही मरतात आणि बुरशी माजते. दह्यासारखं पांढरं जातं, खाज सुटते, लघवी लागून आग होते. बाईला वाटतं उन्हाळीच, आणि ती पुन्हा तीच गोळी मागते! बुरशी सारखी उलटत असेल तर आधी रक्तातली साखर बघावी. मासळीसारखा वास आणि पातळ, राखाडी स्राव असेल तर दुखणं वेगळं, औषधही वेगळं. संबंधातून पसरणारा ट्रायकोमोनास निघाला तर नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं. नवऱ्याचं नाव काढलं की बाई पिशवी उचलते.

तपासल्याशिवाय हे निवडता येत नाही, आणि तपासून घेणं तर लाजेचं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 बायका तपासून 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं: 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते, त्याआधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के.

चिठ्ठीशिवाय मी अँटिबायोटिक देत नाही. सरकारी दवाखान्यात पाठवते, तिथे तपासणी आणि औषध फुकट आहे. काही जणी जातात. बाकीच्या दुसऱ्या मेडिकलात जातात.