पकड चुकली म्हणजे पोरगा कच्चा? कबड्डीतला बचावपटू असा घडतो

हिवाळा लागला की विदर्भात गावोगावी कबड्डीचे खुले सामने सुरू होतात. खापरखेड्यासारख्या वीज केंद्र आणि कोळसा खाणींच्या गावातही कबड्डी म्हटलं की मैदानाभोवती गर्दी जमते. रेडर आत शिरला की एकच आवाज येतो, 'धर त्याले!' कोपऱ्यातला अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा तो आवाज ऐकून झेप घेतो. रेडर हातातून निसटतो आणि मध्यरेषा गाठतो. पोरगा बाद. त्याच्या मदतीला धावून रेडरला धरणारे दोघंही बाद. एका चढाईत तीन गुण गेले.

मग शिक्का बसतो: 'याचा डिफेन्स कच्चा आहे.' पण बहुतेक वेळा अशी चूक ताकदीची नसते, वेळेची असते. म्हणूनच बचावपटू रेडरपेक्षा उशिरा पिकतो.

मैदानावर कोण काय करतं?

बचावात सात जण असतात. दोन टोकांना कोपरारक्षक, म्हणजे कॉर्नर. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे घोट्याची किंवा मांडीची पकड. आतल्या बाजूला मध्यरक्षक, म्हणजे कव्हर. रेडर मध्यरेषेकडे पळायला लागला की त्याचा रस्ता अडवायचा किंवा धडक देऊन त्याला मैदानाबाहेर ढकलायचं, हे त्यांचं काम. बरेचदा शेजारी-शेजारी उभे असलेले दोघं हात धरून साखळी करतात आणि एकत्र पुढे-मागे सरकतात.

थोडक्यात, पकड सुरू एक जण करतो, पण ती पूर्ण दुसरा करतो. कोपरारक्षकाने घोटा धरला आणि मध्यरक्षक अर्धा सेकंद उशिरा आला, तर रेडर सुटतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये लाईनबॅकरचीही अशीच परीक्षा असते: आधी समोरच्याचा डाव ओळखायचा, मगच धावायचं.

तरुण बचावपटू नेमका कुठे चुकतो?

चढाई 30 सेकंदांची असते. रेडरला निदानरेषा तरी ओलांडावी लागते किंवा कुणाला तरी स्पर्श करावा लागतो. ही रेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर असते. रेडर तिच्या अलीकडे असताना पकड केली, तर त्याला परत जायला अंतर कमी उरतं. हात लांबवला तरी मध्यरेषा सापडते. अनुभवी रेडर म्हणूनच पाय पुढे टाकून आमिष दाखवतो. नवखा खेळाडू त्या पायावर झडप घालतो. मुरलेला खेळाडू रेडरला आणखी आत येऊ देतो आणि तो वळला की धरतो.

थांबण्याने गुण मिळतात का?

प्रो कबड्डीत मिळतात. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की त्या संघाची तिसरी चढाई 'डू ऑर डाय' ठरते. तीत गुण आणता आला नाही, तर रेडर बाद. म्हणजे आधीच्या दोन चढायांत बचावाने घाई केली नाही, तर तिसऱ्या वेळी धोका पत्करावा लागतो रेडरला. स्कोअरकार्डवर मात्र त्या दोन शांत चढायांचं श्रेय कुणाच्याच नावावर लागत नाही.

पुणेरी पलटणची गोष्ट

डिसेंबर 2022 मध्ये पुणेरी पलटण पहिल्यांदा प्रो कबड्डीच्या अंतिम फेरीत पोचली आणि जयपूरकडून 33-29 अशी हरली. संघात तेव्हा बरीच तरुण पोरं होती. गौरव खत्री आणि अबिनेश नदराजनसारखे बचावपटू युवा पलटण या संघाच्याच प्रशिक्षण योजनेतून वर आले. हरल्यावर संघ मोडला नाही. पुढच्या हंगामात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुण्याने साखळीतल्या 22 पैकी फक्त 2 सामने गमावले. 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. दोन्ही संघ तिशीच्या आत अडकले, यावरूनच तो सामना बचावाचा होता हे कळतं.

पण मग स्टार खेळाडूचं काय?

याच हंगामासाठी पुण्याने इराणचा डावा कोपरारक्षक मोहम्मदरेझा शादलूला 2.35 कोटी रुपयांना घेतलं होतं. त्याने त्या हंगामात 99 पकडीचे गुण मिळवले. पुढच्या हंगामात तो हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता झाला, तर पुणे प्लेऑफपर्यंतही पोचलं नाही. त्या हंगामात कर्णधार अस्लमची दुखापतही पुण्याला भोवली.

म्हणजे स्टारने फरक पडतो. पण तो गेला तो हरियाणाचा संघही आदल्याच हंगामात अंतिम फेरी खेळलेला होता. तिथली साखळी आधीच जुळलेली होती. आणि पुणे? ऑक्टोबर 2025 मध्ये, शादलूशिवाय, पुन्हा अंतिम फेरीत. दिल्लीकडून 31-28 अशी हार झाली, पण संघ पुन्हा उभा राहिला होता.

आपल्या गावच्या संघाकडे कसं बघायचं?

पुढच्या वेळी तरुण बचावपटूला पाहताना फक्त पकडी मोजू नका. तीन गोष्टी बघा. रेडरने पाय पुढे टाकला तरी तो जागेवर थांबतो का? शेजाऱ्याने पकड केली की तो लगेच पोचतो का? आणि एक पकड फसल्यावर पुढच्या चढाईत त्याचे पाय मागे सरकतात, की तो पुन्हा आपल्या जागी उभा राहतो?

या तिन्हींची उत्तरं 'हो, थांबतो', 'हो, पोचतो' आणि 'जागीच उभा राहतो' अशी येत असतील, तर आज गुण कमी असले तरी पोरगा योग्य रस्त्यावर आहे. त्याला दोन-तीन हंगाम त्याच सोबत्यांबरोबर खेळू द्या. आणि गर्दीत उभे असाल, तर 'धर त्याले' ओरडण्याआधी रेडर निदानरेषेच्या आत आला आहे का, तेवढं बघून घ्या.