मूल नोंदीत आले, तरच शिक्षक येईल

पालकसभा संपल्यावर एक अम्मी मागे थांबल्या. म्हणाल्या, "सर, मुलगा बोलण्यात हुशार आहे, पण वाचताना अक्षरं उलटी होतात. कुठं लिहू मात्र नका. घरात दोन मुली लग्नाच्या आहेत."

त्यांची भीती मी समजू शकतो. पण या लपवण्याची किंमत मुलालाच मोजावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवण्यास सांगितले. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्र सरकारने शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ते घातले : पहिली ते पाचवीसाठी दर १० विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीसाठी दर १५ मुलांमागे एक. तरीही पदे भरली गेली नाहीत. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पुन्हा बजावले की पदे मंजूर करून जाहीर करा आणि भरती करा.

आजही अनेक ठिकाणी कंत्राटी विशेष शिक्षक एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरतात. ते येतात त्या दिवशी मूल शिकते. बाकीचे दिवस आमच्यासारखे वर्गशिक्षक भरलेला वर्ग सांभाळत जमेल तेवढे करतात. मनापासून करतो, पण त्यासाठीचे प्रशिक्षण आमच्याकडे नाही.

पदे ठरतात ती मुलांच्या नोंदीवरून. मोहल्ल्यात अशी बारा मुले असतील आणि कागदावर तीनच दिसली, तर शिक्षक कोणाच्या आधारावर मागायचा?

म्हणून शाळेत लेखी कळवा. सरकारी रुग्णालयात तपासणी करून युडीआयडी कार्ड काढा. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व आहे. स्वमग्नता आणि वाचन-लेखनातली अडचणही त्यात येते. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मग शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा : आपल्या शाळेत अशी मुले किती आणि विशेष शिक्षक किती?

हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते. मदिनेत ते अजान देत. प्रेषितांच्या (स.) समाजाने त्यांना घरात झाकून ठेवले नव्हते.

त्या अम्मी पुढच्या आठवड्यात परत आल्या. या वेळी सोबत अब्बाही होते आणि हातात अर्ज होता.