हिवाळा नसलेल्या बेटावरचा फ्लू

थंडी आली की फ्लू येतो, थंडी सरली की जातो. युरोप-अमेरिकेत साधारण हाच हिशोब. पण जिथे थंडीच नाही, तिथे काय होतं?

सिंगापूर बघा. विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवरचं बेट. दुपारी 31-32 अंश, रात्री 25, बारा महिने तेच. तरी फ्लू वर्षभर असतो आणि साधारण दोनदा वाढतो: डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास आणि मे ते जुलैमध्ये. तेही दरवर्षी अगदी ठरल्या वेळी नाही.

असं का? 2007 साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी गिनीपिगवर प्रयोग केले. थंड, कोरड्या हवेत विषाणू एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात सहज पोचला. नंतर तापमान 30 अंश ठेवलं, तर हवेतून होणारा प्रसार थांबला. पण एकाच पिंजऱ्यातल्या प्राण्यांना लागण होतच राहिली. म्हणजे उष्णता हवेची वाट अडवते, जवळच्या संपर्काची नाही.

आणि सिंगापूरचा माणूस दिवसभर 30 अंशांत असतो कुठे? ऑफिस, मॉल, मेट्रो, सगळीकडे एसी. त्यात प्रवासी. डिसेंबरात उत्तर गोलार्धात हिवाळा, जुलैत दक्षिणेत. दोन्हीकडची माणसं याच विमानतळावर उतरतात. तेव्हा एकच कारण पकडून चालत नाही.

आता लशीचं. लशीत कोणते विषाणू घ्यायचे, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सुचवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिणेसाठी. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांत ते ओसरू लागतं. म्हणून ‘साथ आली की घेऊ’ म्हणणाऱ्याला उशीर होतो.

आपल्यापैकी कितीतरी आजी-आजोबा मे महिन्यात नातवंडांकडे सिंगापूरला जातात. बॅगेत मसाले, लोणची, पापड सगळं असतं, लस मात्र राहून जाते. पासष्टीच्या पुढे, किंवा मधुमेह, दमा, हृदयविकार असेल तर फ्लू नुसतं पडसं राहत नाही, न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे तिकीट काढलं की डॉक्टरांना विचारा आणि निघण्याआधी निदान दोन आठवडे लस घ्या. तिथे ऊन आहे म्हणून निर्धास्त राहू नका.