सरकार पक्षाचे कागद

जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत सरकारी वकिलांचं कार्यालय शोधायला पाटी वाचावी लागत नाही. ज्या दाराशी दोन-तीन हवालदार बगलेत फायली धरून ‘साहेब, आज से द्यायचाय’ म्हणत उभे असतात, तेच ते. ‘से’ म्हणजे आरोपीच्या अर्जावर सरकार पक्षाचं लेखी म्हणणं. उन्हाळ्यात त्याच दारातून पांढरा शर्ट आणि काळा टाय घातलेली विधी शाखेची मुलंमुलीही आत शिरतात. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची केली आहे. बऱ्याच जणांचा डोळा बड्या लॉ फर्मवर असतो. माझं मत विचाराल, तर फौजदारी कायदा शिकायला या कळकट कार्यालयासारखी जागा नाही.

बाहेरून एकच दिसणाऱ्या या यंत्रणेचे आत दोन भाग आहेत. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहतात ते सहायक सरकारी अभियोक्ते. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आलेले, बदल्या होणारे, पगारी अधिकारी. सत्र न्यायालयात खून-दरोड्याचे खटले चालवतात ते जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे अतिरिक्त सहकारी. किमान सात वर्षं वकिली केलेल्यांमधून सरकार त्यांना नेमतं, आणि नेमणुकीत राजकारण येतंच. उत्तर प्रदेश सरकारने १९९० मध्ये एका परिपत्रकाच्या फटकाऱ्यात सगळ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील घरी पाठवले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं.

नव्या मुलांना सुरुवातीला वाटतं, हे पोलिसांचे वकील. वाटणारच; दिवसभर खाकी वर्दीचाच राबता. कायद्याला मात्र हे मान्य नाही, आणि ते ठरलं महाराष्ट्रातल्याच प्रकरणांत. १९७४ मध्ये नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली, तरी आपल्याकडचे सहायक अभियोक्ते पोलीस खात्याच्याच ताब्यात राहिले होते. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं वेगळं केडर उभारायला सांगितलं. त्याच्या आदल्याच वर्षी, टाडाखालच्या हितेंद्र विष्णू ठाकूर प्रकरणात, तपासाची मुदत वाढवून मागताना अभियोक्त्याने स्वतः विचार करून अहवाल द्यावा, पोलिसांची मागणी नुसती पुढे सरकवू नये, असं न्यायालयाने बजावलं होतं.

ही स्वायत्तता पुस्तकात वाचून कळत नाही, जामिनाच्या से चा कच्चा मसुदा लिहायला बसल्यावर कळते. इंटर्नच्या हाती फाइल पडते. फिर्याद, स्थळ पंचनामा, जखमेचं प्रमाणपत्र, साक्षीदारांचे जबाब. फिर्यादीत मारहाण काठीने झालेली आणि डॉक्टरांच्या कागदावर जखम धारदार शस्त्राची, असं निघालं की मुलगा गडबडतो. हे लपवायचं? चांगला सरकारी वकील तपासी अंमलदाराला बोलावून खुलासा विचारतो, आणि खुलासा नसेल तर न्यायाधीशांनी विचारल्यावर तसं सांगतो. सगळेच असं करतात असं नाही. ‘गुन्हा गंभीर स्वरूपाचा असून आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल’ हे छापील वाक्य प्रत्येक से मध्ये चिकटवणारेही आहेत, आणि इंटर्नने दोन्ही तऱ्हा पाहाव्यात.

एका बाबतीत कार्यालयालाही मुलांचा उपयोग होतो. १ जुलै २०२४ पूर्वीचा गुन्हा जुन्या दंड विधानाखाली चालतो, नंतरचा न्याय संहितेखाली. खून तिथे ३०२, इथे १०३. ज्येष्ठांच्या जिभेवर अजून जुने आकडे असतात. नवे आकडे चटकन सांगायला शेजारी बसलेली मुलगी बरी पडते.

खरी शाळा मात्र साक्षीपुराव्याची. पंच पिंजऱ्यात उभा राहतो आणि म्हणतो, ‘सही माझीच, पण मजकूर माहीत नाही, पोलिसांनी कोऱ्या कागदावर घेतली.’ मग सरकारी वकील न्यायालयाची परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराचा उलटतपास सुरू करतात. साक्ष अधिनियमात आता ते कलम १५७ आहे. साक्षीदार फितूर झाला म्हणून त्याचा सगळा जबाब बाद होत नाही, विश्वासार्ह वाटेल तेवढा भाग न्यायालय घेऊ शकतं. वाचलेलं असतंच हे. पण त्या पंचाच्या कोणत्या वाक्यात घटनास्थळ सिद्ध झालं आणि कोणत्या वाक्यात हत्याराची जप्ती निसटली, हे रोजनामा बाजूला ठेवून स्वतः टिपण काढल्याशिवाय उमगत नाही.

इंटर्नला न्यायालयात बोलता येत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. गप्प राहण्याची सवय बाहेरही लागते. बलात्काराच्या फिर्यादीतली पीडितेची ओळख प्रसिद्ध करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि पोलिसांची केस डायरी आरोपीलाही मागता येत नाही. फाइलच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकणाऱ्याने या कार्यालयाची पायरी चढू नये.

एक अडचण आधीच सांगितलेली बरी. मे महिन्यात जिल्हा न्यायालयांनाही सुट्टी लागते. सुट्टीकालीन न्यायालयात रिमांड आणि तातडीचे जामीन चालतात, साक्षीपुरावे थांबतात. त्यात नियमाने एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त इंटर्नशिप करता येत नाही. म्हणून सगळे आठवडे मे महिन्यात घालवू नका. महाविद्यालयाचं पत्र घेऊन मार्चमध्येच जिल्हा सरकारी वकिलांना भेटा, आणि निदान दोन आठवडे जूनमध्ये न्यायालय उघडल्यानंतरचे मागून घ्या.