डोकं आपटणाऱ्या मुलाचा कान कोण तपासणार?

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा, शिरवळ किंवा लोणंदच्या एखाद्या दवाखान्यात स्वमग्न मूल येतं, तेव्हा डॉक्टरांपुढे जाण्याआधीच ते बेजार झालेलं असतं. बाहेरची गर्दी, पंख्याची घरघर, डोळ्यांवर येणारी ट्यूबलाइट आणि मग छातीला टेकलेला गार स्टेथोस्कोप. मूल कान झाकतं, किंचाळतं, डॉक्टरांचा हात झटकतं. तपासणी अर्धवट राहते.

स्वमग्नतेत मेंदू आवाज, प्रकाश आणि स्पर्श वेगळ्या तीव्रतेने टिपतो. काहींना हलका स्पर्शही सोसत नाही, तर काहींच्या चेहऱ्यावर मोठी दुखापतसुद्धा दिसत नाही. त्यामुळे ‘कुठे दुखतंय?’ हा डॉक्टरांचा हक्काचा प्रश्नच फुकट जातो. मूल अचानक डोकं आपटू लागलं, तर कान ठणकत असेल, दाढ किडली असेल किंवा पोट साफ होत नसेल. पण ‘ही मुलं असंच करतात’ म्हटलं, की मूळ दुखणं तसंच राहतं.

स्वमग्नता समजून न घेणं जिवावरही बेतू शकतं. ब्रिटनमध्ये 2016 साली ऑलिव्हर मॅकगोवन हा 18 वर्षांचा स्वमग्न तरुण दगावला. त्याचा आणि आईवडिलांचा विरोध असताना त्याला मनोविकारावरचं औषध दिलं गेलं होतं. त्यानंतर 2022 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना स्वमग्नतेचं प्रशिक्षण बंधनकारक झालं.

आपल्याकडे पहिली अडचण वेळेची. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या 67 देशांच्या आढाव्यात भारतातल्या प्राथमिक आरोग्यसेवेत डॉक्टरांच्या तपासणीचा सरासरी वेळ जेमतेम 2 मिनिटं निघाला. स्वमग्नता मोजण्याच्या भारतीय मापनश्रेणीतच 40 मुद्दे आहेत! दुसरी अडचण अंतराची. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतली मुलं तपासून जिल्ह्याला पाठवली जातात. खंडाळ्याच्या पालकांना त्यासाठी खंबाटकी घाट ओलांडून सातारा गाठावं लागतं. हा कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो, स्वमग्नता मात्र आयुष्यभर राहते.

मुंबईची ‘उम्मीद’ ही संस्था 2001 पासून बालविकासाच्या क्षेत्रात काम करते आणि डॉक्टरांनाही प्रशिक्षण देते. असं प्रशिक्षण तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचायलाच हवं. तोवर बिनखर्चाचे बदल तरी आजपासून करता येतील. अशा रुग्णाला सकाळचा पहिला नंबर द्यावा. स्टेथोस्कोप आधी त्याच्या हातात द्यावा, आईच्या छातीला लावून दाखवावा. आणि ‘याला दुखतं तेव्हा हा काय करतो?’ हे आईला विचारावं. पालकांनीही ते कागदावर लिहून न्यावं आणि वागण्यात अचानक बदल दिसला, तर कान, दात, पोट तपासण्याचा आग्रह धरावा.