वर्षातल्या नऊ शर्यती

नारायण कार्तिकेयन म्हटलं की लोकांना फॉर्म्युला वन आठवतं. २००५ साल, जॉर्डन संघाची पिवळी गाडी आणि त्या शर्यतींत उतरलेला पहिला भारतीय. मला मात्र त्याचं २०१० हे वर्ष जास्त मोलाचं वाटतं. तेव्हा फॉर्म्युला वनमध्ये त्याला जागा नव्हती. तो अमेरिकेत गेला आणि नॅसकार या तिथल्या मोटर शर्यतींच्या संस्थेच्या ट्रक मालिकेत उतरला, वायलर रेसिंग या संघाच्या ६० नंबरच्या पिकअपमध्ये. त्या मोसमात शर्यती होत्या २५. त्याच्या वाट्याला आल्या ९.

मी विरार पूर्वेला चंदनसारमध्ये टायर आणि व्हील अलाइनमेंटचं काम करतो. हायवेकडे जाणारे टेम्पो, पाण्याचे टँकर, शाळेच्या बस, रिक्षावाले ही माझी गिऱ्हाइकं. माणसं गाडीचा रंग बघतात, मी टायर कुठल्या बाजूनं घासलाय ते बघतो. नॅसकारकडे माझं लक्ष गेलं तेही टायरमुळेच, आणि मग त्या गाड्या चालवणाऱ्यांमधल्या एका जातीनं मला धरून ठेवलं. वर्षभर न धावणारे, चार-दोन किंवा आठ-दहा शर्यतींपुरती जागा मिळवणारे ड्रायव्हर. ‘कार्स’ या ॲनिमेशनपटातली लाल गाडी ज्या शर्यती धावते, त्या याच शर्यतींवर बेतलेल्या. पडद्यावर फक्त पहिल्या नंबरासाठीची झुंज दिसते. मागच्या रांगांत काय चाललेलं असतं ते कोणी दाखवत नाही.

नॅसकारची स्थापना १९४८ साली फ्लोरिडातल्या डेटोना बीचला झाली. बिल फ्रान्स हा तिचा कर्ता माणूस. सुरुवातीला खरोखरच शोरूममधून घेतलेल्या गाड्या पळत, म्हणून नाव स्टॉक कार. आता बाहेरचा आकार तेवढा बाजारातल्या गाडीसारखा, आत सगळा नळ्यांचा पिंजरा. दार उघडतच नाही, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो. वरच्या कप मालिकेत वर्षाला गुणांच्या ३६ शर्यती, तिच्याखाली दुसरी मालिका आणि तिच्याखाली पिकअप ट्रकची.

बहुतेक ट्रॅक लंबगोल, आणि त्यांवर गाडी सतत डावीकडेच वळते. सगळा भार उजव्या टायरांवर, त्यातही पुढच्या उजव्यावर. म्हणून उजवे टायर घेरानं डाव्यांपेक्षा मोठे ठेवतात. पुढच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे उभा कलही असा लावतात की दोन्ही चाकांची डोकी डावीकडे कललेली. गाडी एका बाजूला ओढते ही माझ्याकडे येणारी रोजची तक्रार. तिकडे ती ओढावी म्हणून माणसं रात्र जागवतात. गाडीत वेगाचा काटाही नसतो. टायर-पेट्रोलसाठी आत यायच्या पट्ट्यात, पिट लेनमध्ये, ठरलेल्या वेगापेक्षा जोरात गेलात तर दंड, आणि तो वेग ओळखायचा इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्यावरून. वर प्रेक्षागृहाच्या छतावर एक माणूस उभा असतो, स्पॉटर. बाजूला गाडी आहे की नाही हे तो रेडिओवरून सांगत राहतो, कारण आत पट्ट्यांनी आवळलेल्या ड्रायव्हरला मान वळवून पाहता येत नाही.

आता यात वर्षातून नऊदाच बसणाऱ्या माणसाची कल्पना करा. कार्तिकेयनची पहिली शर्यत २७ मार्च २०१० रोजी, व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलला. ट्रॅक जेमतेम साडेआठशे मीटरचा, दोन सरळ पट्टे आणि दोन्ही टोकांना घट्ट वळणं. २५० फेऱ्या, म्हणजे पाचशे वेळा जोरात ब्रेक आणि पाचशे वेळा पुन्हा ॲक्सिलरेटर. ब्रेकच्या डिस्क तापून लाल होतात. फॉर्म्युला वनची त्याची गाडी सहाशे किलोंच्या आसपास. हा ट्रक दीड टनाचा. हलक्या गाडीला वारा जमिनीवर दाबून धरतो, ती वळणात चिकटून जाते. ट्रक झुलतो, मागून सुटायला बघतो आणि शेजारचा ट्रक त्याला धक्का मारून पुढे निघतो. तिथे धक्का हा खेळाचाच भाग. पहिल्याच दिवशी कार्तिकेयन तेरावा आला. गाडी धडधाकट ठेवून, शिकत शिकत मिळवलेला तेरावा क्रमांक मला फार मोठा वाटतो. मोसमाच्या शेवटी चाहत्यांच्या मतांवर ठरणारा ट्रक मालिकेतल्या सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हरचा मान त्यालाच मिळाला, नऊ शर्यती धावलेल्या माणसाला.

नऊच का? कौशल्य कमी म्हणून कोणी अर्धवेळ राहत नाही. बहुतेकांची गाडी पैशापाशी अडते. कप मालिकेत टायर गुडइयर या एकाच कंपनीचे, आणि चार टायरचा संच काही स्वस्त नसतो. लांब शर्यतीत असे आठ-दहा संच सहज लागतात. इंजिन, माणसं, प्रवास वेगळा. प्रायोजकानं सहा शर्यतींचे पैसे दिले तर सहा, तीनचे दिले तर तीन. २०१० च्या आगेमागे तर काही संघ शर्यत सुरू करून थोड्याच फेऱ्यांत गाडी आत घेत. टायर वाचवायचे, शेवटच्या क्रमांकाचं बक्षीस घ्यायचं आणि पुढच्या आठवड्याला उभं राहायचं. लोक नाकं मुरडत. गाडीत दम असताना ती आत घ्यायला सांगितलेल्या ड्रायव्हरच्या जिवाचं काय होत असेल, ते मला समजतं.

२०१६ पासून कप मालिकेत ३६ गाड्यांना सनदा आहेत, त्यांची जागा पक्की. शर्यतीत गाड्या साधारण ४०. उरलेल्या जागांसाठी बाकीच्यांनी वेळ लावून झगडायचं. जमलं नाही तर ट्रेलरवर गाडी चढवून घरी.

आणि याच अर्धवेळवाल्यांनी एकदा सगळ्यांच्या डोळ्यांत अंजन घातलं. व्हर्जिनियातल्या स्टुअर्ट गावचे वुड ब्रदर्स, १९५० सालापासूनचा घरगुती संघ. ग्लेन वुड लाकडाच्या धंद्यातला, भाऊ लिओनार्ड यंत्रातला वाकबगार. चाकं बदलणं आणि पेट्रोल भरणं हे सेकंदांत बसवायची कला या भावांनी घडवली. १९६५ साली इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत जिम क्लार्कची लोटस गाडी पिटमध्ये सांभाळायला त्यांनाच बोलावलं होतं, आणि क्लार्क जिंकला. जॅक, पाना आणि कमरेतली चपळाई यांवर शर्यत जिंकता येते हे ज्यांनी दाखवलं, त्यांना माझ्या धंद्यातल्या माणसानं हात जोडावेत.

पुढे पैसा आटला आणि २००९ पासून वुड ब्रदर्स मोसमातल्या निवडक शर्यतीच धावू लागले. २० फेब्रुवारी २०११ रोजी डेटोना ५०० मध्ये त्यांची २१ नंबरची गाडी चालवत होता ट्रेव्हर बेन. आदल्याच दिवशी वीस वर्षांचा झालेला, कप मालिकेतली त्याची ही दुसरी शर्यत. शेवटच्या फेरीत त्यानं कार्ल एडवर्ड्सला मागे ठेवलं. नॅसकारमधली सर्वांत मानाची शर्यत त्या पोरानं जिंकली, पण गुण शून्य, कारण तो त्या वर्षी खालच्या मालिकेत गुणांसाठी नोंदलेला होता. जगातला कुठलाही गुणतक्ता त्या दुपारची किंमत सांगू शकत नाही.

त्याच्याआधी १९७७ साली जॅनेट गथ्री ही विमान-अवकाश क्षेत्रातली अभियंता डेटोना ५०० मध्ये उतरणारी पहिली स्त्री ठरली आणि बारावी आली. कप मालिकेतल्या तिच्या सगळ्या शर्यती मिळून ३३. एका पूर्ण मोसमातही याहून जास्त असतात.

आपल्याकडच्या मुलांचं काय, हा प्रश्न माझ्याकडे टायर बदलायला येणारे पालक विचारतात. कार्तिकेयन कोइम्बतूरचा, जिथे करी मोटर स्पीडवे आहे, आणि त्याचे वडील स्वतः रॅली चालवणारे. मोठे ट्रॅक कोइम्बतूर, चेन्नई, ग्रेटर नोएडाला. आमच्या पालघर जिल्ह्यात काही नाही. म्हणून आमच्याकडची पोरं रात्री हायवेवर गाड्या पळवतात. वाकलेल्या रिम घेऊन ती माझ्याकडे येतात तेव्हा माझा जीव तुटतो. त्यांना मी पुण्याच्या संजय टकले यांचं नाव सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये सौदी अरेबियाच्या वाळवंटात जुन्या लँड क्रूझरमधून त्यांनी डकार क्लासिक ही रॅली पूर्ण केली. कार्टिंगपासून सुरुवात करा, मेकॅनिकच्या हाताखाली राहा, वर्षाला एकच शर्यत परवडली तरी ती परवान्यानं आणि हेल्मेट घालून धावा, हे मी त्यांना बजावतो.

कार्तिकेयन २०११ मध्ये फॉर्म्युला वनला परतला, भारतातल्या पहिल्या ग्रां प्रीमध्ये धावला, आणि २०१९ साली जपानमध्ये फुजीला होंडा चालवत शर्यत जिंकला. वय बेचाळीस.

ज्यांना अर्धवेळवाल्यांची ही झुंज पाहायची असेल त्यांनी डेटोना ५०० च्या आधीच्या गुरुवारच्या दोन शर्यती बघाव्यात. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली शुक्रवारची पहाट. पुढच्या दहा गाड्या सोडा आणि सनद नसलेल्या गाड्यांवर डोळा ठेवा. रविवारी कोण धावणार आणि कोण ट्रेलरवर चढणार, ते तिथे ठरतं.