खान्देशचा उन्हाळा आणि कपाटातली बॅटरी

‘पेटी पॅक होती हो, सीलसुद्धा फोडलं नव्हतं. मग बॅटरी बसली कशी?’ जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये काय किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर काय, लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर हा प्रश्न कधी ना कधी येतोच. कुणी दोन वर्षांपूर्वी स्वस्तात मिळाली म्हणून जादा बॅटरी घेऊन ठेवलेली असते. कुणाचा लॅपटॉप मुलगा पुण्याला गेल्यापासून बॅगेतच पडून असतो. मार्च 2020 मध्ये शाळा-महाविद्यालयांना कुलपं लागली, तेव्हा तर संगणक कक्षच्या कक्ष बंद राहिले आणि त्या बंद खोल्यांवरून उन्हाळे गेले.

वापर नाही तर झीज कसली, हा आपला सरळ हिशेब. लिथियम-आयन बॅटरीला तो लागू पडत नाही. तिचं वय कारखान्यात ती पहिल्यांदा चार्ज होते तेव्हापासून मोजायचं, दुकानदाराने बिल फाडलं त्या दिवसापासून नाही.

याचं कारण बॅटरीच्या पोटात आहे. चार्ज करताना लिथियमचे आयन एका बाजूच्या धातूच्या ऑक्साइडमधून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. मधे असतो तो इलेक्ट्रोलाइट, म्हणजे लिथियमचे क्षार विरघळवलेलं सेंद्रिय द्रावण. लिथियमने भरलेल्या ग्रॅफाइटशी या द्रावणाचं मुळातच पटत नाही. दोघांचा स्पर्श झाला की द्रावण विघटित होतं आणि ग्रॅफाइटवर त्याचा पातळ पापुद्रा जमतो. या पापुद्र्याचं स्पष्टीकरण इस्रायली शास्त्रज्ञ इमॅन्युएल पेलेड यांनी 1979 मध्ये मांडलं. हा पापुद्रा आहे म्हणूनच बॅटरी चालते, कारण तो लिथियमला वाट देतो आणि द्रावणाला अडवतो. पण अडवणं शंभर टक्के नसतं. द्रावण थोडं थोडं झिरपत राहतं, पापुद्रा जाड होत जातो आणि दर वेळी थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. अडकलेलं लिथियम पुन्हा चार्जिंगच्या कामाला येत नाही. बॅटरीची क्षमता कमी झाली म्हणतो ती मुख्यतः अशी. यासाठी लॅपटॉप चालू असण्याची गरजच नाही.

जळगावकरांना हे केळीवरून लगेच कळेल. घड झाडावरून उतरवला की कुणी खावो न खावो, तो पिकतच राहतो. हवा तापलेली असेल तर भराभर पिकतो, 13-14 अंशांच्या शीतगृहात ठेवला तर रेंगाळतो. बॅटरीचंही तेच. रासायनिक क्रियांचा ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो.

उन्हाच्या जोडीला दुसरा गुन्हेगार आहे, पूर्ण चार्ज. बॅटरी जितकी भरलेली तितकं ग्रॅफाइट द्रावणाला जास्त छळतं. शिवाय पलीकडच्या ऑक्साइडच्या बाजूलाही पूर्ण चार्जचा, म्हणजे दर सेलमागे 4.2 व्होल्टचा, ताण असतो. कॅनडाच्या कॅडेक्स कंपनीने प्रसिद्ध केलेले अंदाजी आकडे या क्षेत्रात वारंवार दिले जातात. बॅटरी 25 अंशांवर 40 टक्के चार्ज करून वर्षभर ठेवली तर जवळपास 96 टक्के क्षमता उरते. तीच 100 टक्के भरून ठेवली तर 80. तापमान 40 अंश केलं की हे आकडे 85 आणि 65 वर येतात. म्हणजे वर्षभर हात न लावता बॅटरीची एक तृतीयांश क्षमता जाऊ शकते.

आता आपल्याकडचा मे आठवा. जळगाव-भुसावळला 44-45 अंश म्हणजे बातमी नव्हे. हे तापमान मोजतात सावलीत. पत्र्याखालच्या माळ्यावर, दुकानाच्या सगळ्यात वरच्या फळीवर किंवा उन्हात लावलेल्या गाडीत ते कितीतरी वर जातं. ॲपल कंपनी आपली उपकरणं दीर्घकाळ ठेवायची तर अर्धी चार्ज करून 32 अंशांच्या खाली ठेवा म्हणते. मार्च ते मे या काळात खान्देशात दुपारी असा कोपरा शोधावाच लागेल. वर्षभर 40 अंश काही टिकत नाहीत, त्यामुळे कॅडेक्सचा 65 चा आकडा जसाच्या तसा इथे लावू नये. धुळ्यात थंडीत पारा कधी कधी 5-6 अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा हीच बॅटरी आरामात असते. पण उन्हाळ्यात गेलेली क्षमता थंडीत परत येत नाही.

हे सगळं माहीत असूनही संशोधकांना धक्के बसतात. कॅनडातल्याच डलहौसी विद्यापीठात बंद पडून असलेल्या बॅटऱ्या आपोआप का उतरतात याचा शोध चालू होता. तिथल्या संशोधकांनी काही सेल वेगवेगळ्या तापमानात ठेवून उघडले. 25 अंशांवरच्या सेलमधलं द्रावण पारदर्शक होतं, 70 अंशांवरचं चक्क लालभडक. तपासल्यावर चोर सापडला तो सेलमधल्या चिकटपट्टीत. आतल्या पत्र्यांची गुंडाळी जागेवर राहावी म्हणून लावलेली ती इवलीशी पट्टी पॉलिएस्टरची होती, पाण्याच्या बाटल्या ज्याच्या होतात त्याच प्लास्टिकची. उष्णतेत ती विघटित होऊन असा रेणू तयार झाला की तो दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालत चार्ज संपवत होता. 2023 मध्ये हे निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा उपायही सोबतच होता: पट्टी पॉलिप्रॉपिलीनची वापरा. इतकी महागडी वस्तू आणि घात चिकटपट्टीने करावा, याचं मला अजून नवल वाटतं.

मग रिकामी करून ठेवली तर? तेही नको. लिथियम-आयन पडल्या पडल्या हळूहळू उतरते आणि पॅकमधलं संरक्षक सर्किटही स्वतःसाठी थोडी वीज खात राहतं. जुन्या सहा सेलच्या पॅकमध्ये 18 मिलिमीटर व्यासाचे, 65 मिलिमीटर लांबीचे सेल दोन-दोनच्या तीन जोड्यांत असतात. असा पॅक उघडून मल्टिमीटर लावला की पुष्कळदा दोन जोड्या ठीकठाक दिसतात आणि तिसरी तळाला गेलेली असते. सेल फारच खाली गेला की त्याच्या आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुन्हा चार्ज करताना तेच तांबं भलत्या जागी जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. म्हणूनच सर्किट चार्जिंग नाकारतं. बाहेरून थेट वीज देऊन बॅटरी ‘उठवून’ देणारे कारागीर भेटतात. त्यांना नम्रपणे नकार द्यावा. फुगलेल्या बॅटरीबाबत तर प्रश्नच नाही. ती दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये.

आपला घोळ होतो तो जुन्या सवयींमुळे. लोडशेडिंगने खान्देशात घरोघरी इन्व्हर्टर आणला. त्याची शिशाची बॅटरी उतरलेली ठेवली तर प्लेटांवर सल्फेट धरतं, म्हणून ती भरलेलीच ठेवावी लागते. त्याआधीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना अधूनमधून पूर्ण उतरवायचा रिवाज होता. लॅपटॉपची बॅटरी या दोन्हीतली नाही. तिला मधलं ठिकाण आवडतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या 2016 च्या अभ्यासातही हेच दिसलं. ग्रॅफाइट निम्म्याहून जास्त भरलं की पडून राहिलेल्या सेलची झीज एकदम वरच्या पायरीवर जाते. लिथियम-आयन बॅटऱ्या विमानाने माल म्हणून पाठवताना त्या 30 टक्क्यांहून जास्त चार्ज नसाव्यात, असा नियमही 2016 पासून आहे. तो मात्र आगीच्या भीतीपोटी.

तेव्हा लॅपटॉप महिनोन् महिने ठेवायचाच असेल तर निम्मा चार्ज करून पूर्ण बंद करा, नुसता ‘स्लीप’वर झोपवून ठेवू नका. बॅटरी निघत असेल तर काढा. जागा घरातली सगळ्यात गार निवडा. गावाकडे जाड मातीच्या छपराचं धाब्याचं घर असेल तर त्याची आतली खोली स्लॅबच्या बेडरूमपेक्षा बरी. फ्रिजची शिफारस मी करणार नाही, बाहेर काढल्यावर दव धरतं. दर तीन महिन्यांनी एकदा चार्ज पाहा आणि पुन्हा निम्म्यावर आणा. सतत चार्जरवर असणाऱ्या लॅपटॉपचीही तीच गत होते, कारण तो भरलेला आणि गरम असा दोन्ही असतो. पुष्कळ लॅपटॉपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती चालू करा.

जादा बॅटरी घेऊन ठेवण्याचा विचार मात्र सोडून द्या. आपल्या हवेत ती कपाटात वय वाढवण्याखेरीज काही करत नाही. जुनी खरोखर बसेल तेव्हाच नवी घ्या, पैसे देण्याआधी पॅकवरची उत्पादनाची तारीख वाचा, आणि ती दोन-तीन उन्हाळ्यांपूर्वीची असेल तर खोका दुकानदाराला परत करा, मग तो कितीही पेटी पॅक असो.